सामाईक रान : एरंडोल तालुक्यातील एका संयुक्त खरेदीचा प्रकरण अभ्यास

जळगाव आणि भुसावळ परिसरातील सहा मित्रमैत्रिणींनी एकत्र येऊन झाडोऱ्याची एक छोटी जमीन विकत घ्यावी, सुट्टीच्या दिवशी तेथे जाऊन राहावे आणि लाकूड, बांबू व शिंदीच्या पानांचे हस्तकाम करावे, असा विचार केला. उत्पन्न मिळवणे हा हेतू नव्हता. या प्रकरणात जमिनीची कागदपत्रे तपासून देण्याचे आणि पुढे त्यांच्या आपसातील कराराचा मसुदा करण्याचे काम माझ्याकडे होते. सर्वांच्या संमतीने आणि ओळख पटेल असे तपशील वगळून हे प्रकरण येथे मांडत आहे, कारण असे प्रश्न घेऊन येणाऱ्या मंडळींनी बहुतेक वेळा इसार (सौद्याची आगाऊ रक्कम) आधीच देऊन टाकलेला असतो.

सहा जणांपैकी एक रावेर तालुक्यातील केळी उत्पादक शेतकरी, एक माध्यमिक शाळेतील शिक्षिका, एक बँक अधिकारी, एक औषध दुकानदार, एक औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील निदेशक आणि एक भुसावळचा रेल्वे कर्मचारी होता. रेल्वेतील हा मित्र उत्तम सुतारकाम करतो आणि मूळ कल्पना त्याचीच होती. खरेदीखत होईल ते जमिनीचे; परंतु झाडे कोणाची आणि कशासाठी, वापर कोणी किती करायचा आणि बाहेर पडणाऱ्याचे काय, हे तीन प्रश्न कोणताही सरकारी नमुना विचारत नाही. या तीन प्रश्नांची उत्तरे लिहून झाल्याशिवाय इसार देऊ नये, ही माझी पहिली आणि शेवटपर्यंत कायम राहिलेली भूमिका होती.

जमिनीचा शोध

पहिली जमीन चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी दाखवण्यात आली. साग आणि सालईची झाडे, जवळून वाहणारा नाला आणि परवडणारी किंमत यांमुळे सर्वांचे मन तिच्यावर बसले होते. सातबारा पाहिल्यावर धारक आदिवासी असल्याचे आणि जमीन भोगवटादार वर्ग २ ची, म्हणजे हस्तांतरणावर निर्बंध असलेली, असल्याचे स्पष्ट झाले. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ मधील कलम ३६ आणि ३६-अ यांनुसार आदिवासी व्यक्तीची जमीन शासनाच्या पूर्वमंजुरीशिवाय बिगरआदिवासी व्यक्तीकडे जाऊ शकत नाही. मध्यस्थाने त्यावर दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याची वाट सुचवली, पण हे कलम विक्रीइतकेच बक्षीस, अदलाबदल, गहाण आणि भाडेपट्टा यांनाही लागू आहे. मी हा विषय तेथेच थांबवावा असे सांगितले, आणि त्यामागे केवळ कायद्याची भीती नव्हती. सातपुड्याच्या कुशीतील कुटुंबांच्या हातून जमिनी कशा निसटत गेल्या हे खान्देशात राहणाऱ्याला सांगावे लागत नाही. १९७४ साली जमिनी परत करण्याचा स्वतंत्र कायदा करावा लागला तो त्यामुळेच. करमणुकीसाठी घेतलेल्या रानाची सुरुवात अशा पळवाटेने व्हावी हे कोणालाच पटण्यासारखे नव्हते.

दुसरी जमीन चाळीसगावच्या बाजूला, डोंगरउतारावर होती. तेथे इतर हक्कांच्या रकान्यात खासगी वनाबाबतची जुनी नोंद निघाली. महाराष्ट्र खासगी वने (संपादन) अधिनियम, १९७५ अन्वये ३० ऑगस्ट १९७५ या दिवशी राज्यातील खासगी वने शासनाकडे निहित झाली. काही क्षेत्रांना सूट मिळाली आणि काही नोंदींवर वर्षानुवर्षे वाद चालले. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने नुसत्या जुन्या नोटिशीच्या आधारे जमीन शासनाची ठरवता येणार नाही, असा निर्णयही दिला. तथापि, अशा नोंदीची जमीन घेऊन ती सोडवत बसणे हे हौसेखातर एकत्र आलेल्या माणसांचे काम नाही. शिवाय हा पट्टा गौताळा औट्रमघाट अभयारण्याच्या दिशेचा असल्यामुळे पर्यावरण संवेदनशील क्षेत्राच्या अटीही पाहाव्या लागल्या असत्या.

या दोन अनुभवांतून मंडळींच्या लक्षात आले की आपल्याकडे जंगल म्हणून जे विकत मिळते ते प्रत्यक्षात शेतजमीनच असते. फक्त तिच्यावर झाडे वाढलेली असतात. सर्वोच्च न्यायालयाच्या १२ डिसेंबर १९९६ च्या आदेशानंतर जंगल कोणास म्हणायचे हे मालकीवर अवलंबून राहिलेले नाही, आणि वन संवर्धन कायद्याच्या २०२३ च्या दुरुस्तीनंतरही, राज्यांच्या नोंदी पूर्ण होईपर्यंत तोच अर्थ धरावा असा अंतरिम आदेश फेब्रुवारी २०२४ मध्ये झालेला आहे. म्हणून जमीन महसुली नोंदीत निर्विवाद शेतीची असावी, वर्ग १ ची, म्हणजे तसे निर्बंध नसलेली, असावी आणि वन विभागाच्या कोणत्याही यादीत तिचा गट क्रमांक नसावा, अशा तीन कसोट्या ठरवल्या. तिसऱ्या कसोटीसाठी वनपरिक्षेत्र कार्यालयाकडून लेखी उत्तर घेतले. ते यायला वेळ लागला, पण त्या कागदाइतका उपयोगी कागद या संपूर्ण व्यवहारात दुसरा नव्हता.

तिसरी जमीन एरंडोल तालुक्यात, पद्मालयाच्या बाजूच्या टेकड्यांकडे मिळाली. क्षेत्र १ हेक्टर ८० आर, त्यांपैकी काही भाग पोटखराब (लागवडीस अयोग्य), माती मुरमाड, कपाशीला न परवडणारी; म्हणूनच मालकाने पुष्कळ वर्षे नांगर घातला नव्हता आणि म्हणूनच तेथे अंजन, लिंब, पळस, हिवर, बोर, सीताफळ, मोहाची काही मोठी झाडे आणि नाल्याच्या काठी शिंदीची बेटे उभी राहिली होती.

शेतकरी कोण

महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९४८ (कूळ कायदा) याच्या कलम ६३ नुसार शेतकरी नसलेल्या व्यक्तीला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. संस्था किंवा कंपनी स्थापन करून तिच्या नावे जमीन घेण्याची कल्पना यामुळेच बाजूला पडली, कारण संस्था ही शेतकरी नसते. खरेदी व्यक्तिगत नावांनीच व्हावी लागणार होती आणि प्रत्येक नावामागे शेतकरी असल्याचा पुरावा हवा होता.

केळी उत्पादक, बँक अधिकारी, औषध दुकानदार आणि निदेशक यांची नावे वडिलोपार्जित सातबाऱ्यावर होती. शिक्षिकेच्या बाबतीत सर्वांनी गृहीत धरले होते की त्यांचे नाव कोठेही नसेल. त्यांचे माहेर अमळनेर तालुक्यातील. वडील गेल्यानंतर वारस नोंद झाली तेव्हा भावांच्या बरोबरीने त्यांचेही नाव लागले होते आणि नंतर हक्कसोड पत्रावर सही करण्याचा आग्रह झाला तेव्हा त्यांनी सही केली नव्हती. आपल्याकडे रक्षाबंधनाला किंवा अक्षय्य तृतीयेला, ज्याला आपण आखाजी म्हणतो, माहेरी आलेल्या बहिणीपुढे हा कागद ठेवला जातो आणि नाते राखण्यासाठी ती सही करून मोकळी होते. सही केलेल्या बाईचे नाव सातबाऱ्यावरून जाते आणि तिच्याकडे दुसरी जमीन नसेल तर शेतकरी म्हणून असलेला तिचा आधारही जातो, ही गोष्ट त्या वेळी कोणी सांगत नाही. येथे ते नाव राहिले होते म्हणून शिक्षिका स्वतःच्या हक्काने खरेदीदार झाल्या. हा मुद्दा मी मुद्दाम विस्ताराने लिहितो आहे, कारण संयुक्त खरेदीच्या चर्चेत स्त्री-सदस्याचा हिस्सा सहजपणे नवऱ्याच्या नावे लिहिण्याची सवय आपल्याला आहे.

रेल्वे कर्मचारी मित्राच्या घराण्यात जमीन नव्हती. कलम ६३ खालील परवानगीची वाट त्याच्यासाठी लांबची होती. त्याने आपला हिस्सा रोख द्यावा आणि केळी उत्पादक मित्राने तो आपल्या नावे धरावा, असे दोघांमध्ये जवळजवळ ठरले होते; दोघांचा एकमेकांवर संपूर्ण विश्वास होता आणि त्यांना त्यात गैर काही दिसत नव्हते. परंतु एकाने पैसा द्यायचा आणि नाव दुसऱ्याचे लावायचे, याला १९८८ चा बेनामी व्यवहारांचा कायदा लागू होतो. २०१६ च्या दुरुस्तीनंतर त्यात १ ते ७ वर्षांच्या कारावासाची आणि बाजारमूल्याच्या २५ टक्क्यांपर्यंत दंडाची तरतूद आहे, आणि मालमत्ता जप्त होते ती वेगळीच. याखेरीज कूळ कायद्याच्या कलम ८४-क नुसार अवैध ठरलेल्या हस्तांतरणातील जमीन शासनाकडे जाऊ शकते. एका मित्राच्या हिश्श्यापायी बाकीच्यांची जमीन धोक्यात आली असती.

शेवटी तो मालक झाला नाही. त्याने जमिनीसाठी एक रुपयाही दिला नाही. त्याला लेखी वापर परवानगी देण्यात आली आणि वार्षिक खर्चात तो इतरांइतकीच वर्गणी भरतो. यातील एक बारकावा पुढच्यांच्या उपयोगाचा आहे. भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ६० नुसार परवानगीधारकाने त्या परवानगीच्या आधारे स्वतःच्या खर्चाने कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर परवानगी मागे घेता येत नाही. बँक अधिकाऱ्याने हे वाचले आणि कामाची शेड सामाईक निधीतूनच बांधावी असा आग्रह धरला. जमिनीच्या दृष्टीने ते बरोबर होते, पण तसे केल्याने ज्याच्या कसबासाठी हे रान घेतले त्याच्याच पायाखालचा आधार निघून जात होता. म्हणून शेड निधीतून बांधताना त्याच्या परवानगीला १० वर्षांची मुदत लिहावी, ती फक्त ठरावीक कारणांसाठीच आधी रद्द करता यावी आणि त्याची हत्यारे व पूर्ण झालेल्या वस्तू निर्विवाद त्याच्याच राहाव्यात, असे मी सुचवले. ते सर्वांनी एकमताने मान्य केले.

इसार, मोजणी आणि झाडे

संपत्ती हस्तांतरणाच्या कायद्यानुसार जमिनीबरोबर तिच्यावरची झाडे खरेदीदाराकडे येतात, आणि करार झाल्यापासून ताबा देईपर्यंत मालमत्तेची काळजी घेण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते. प्रत्यक्षात इसार आणि खरेदीखत यांच्यामधल्या महिन्यांत झाडे जाऊ शकतात. विकणाऱ्याकडे एक लाकूड व्यापारी आधीच येऊन गेल्याचे गावात कळले होते. म्हणून इसार पावतीला झाडांची यादी जोडली : जात, छातीच्या उंचीवरचा घेर, खोडावरचा रंगाने टाकलेला क्रमांक आणि प्रत्येक मोठ्या झाडाचे छायाचित्र. यादीतील झाड कमी झाल्यास किमतीतून किती वजा होईल हेही लिहिले. विकणाऱ्याने थोडा विचार करून सही केली आणि झाडे जशीच्या तशी राहिली.

मोजणीचा अर्ज भूमी अभिलेख कार्यालयाकडे इसारापूर्वीच केला होता. मोजणीच्या दिवशी मोजणीदाराने कायम खुणा शोधत उत्तरेकडची हद्द दाखवली तेव्हा झुडपांत वन विभागाच्या हद्दीचा दगडी बुरूज सापडला. तो मंडळींनी मनात धरलेल्या रेषेच्या पुष्कळ अलीकडे, म्हणजे विकणाऱ्याच्या जमिनीच्या बाजूला होता. सातबाऱ्यावरचे क्षेत्र पूर्ण भरत होते. मात्र जे अंजनाचे सर्वांत देखणे बेट पाहून सर्वांनी होकार दिला होता, ते बुरुजाच्या पलीकडे, राखीव वनात होते. विकणाऱ्याने लबाडी केली असे म्हणता येणार नाही. त्याच्या वडिलांच्या काळापासून तेथे गुरे चरत आली होती आणि ती जागा आपलीच असे तोही धरून चालला होता. किंमत पुन्हा बोलून कमी झाली. निदेशक मित्राने या वेळी माघार घ्यावी असे म्हटले, पण इतरांचे म्हणणे पडले की पलीकडचे बेट आपले नसले तरी ते तेथेच राहणार आहे, आणि त्याला हात लावता येत नाही हे त्या झाडांच्या हिताचेच आहे. मला हा विचार योग्य वाटला.

वाटेचा प्रश्न तुलनेने लवकर सुटला. जमिनीपर्यंतची गाडीवाट शेजाऱ्याच्या शेतातून जाते. असलेल्या वाटेला अडथळा झाल्यास मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली आणि नवी वाट हवी असल्यास महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जाता येते, परंतु नव्याने आलेल्या माणसांनी पहिल्याच वर्षी शेजाऱ्याविरुद्ध अर्ज घेऊन उभे राहू नये. शेजाऱ्याची लेखी संमती इसारापूर्वी घेतली आणि पावसाळ्यात चारचाकी आणायची नाही, ही त्याची अट करारात लिहिली.

झाडांच्या वापराबाबत मंडळींच्या कल्पना सुरुवातीला सैल होत्या. आपल्या जमिनीवरचे झाड आपण कापू शकतो, असे बहुतेकांना वाटत होते. महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत हिरडा, साग, मोह, चिंच, आंबा, फणस, खैर, चंदन, बिजा, हळदू, तिवस, ऐन, किंजळ, अंजन, जांभूळ आणि खारफुटी अशा १६ जाती आहेत, आणि त्या खासगी जमिनीवर असल्या तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. या रानातील अंजन आणि मोह या दोन मुख्य जाती त्या यादीत बसतात. लिंब, बोर, हिवर, पळस त्या यादीत नाहीत. मात्र लाकूड जमिनीबाहेर नेताना वनोपजाच्या वाहतुकीचे नियम येतात आणि जातीनुसार वाहतूक परवाना लागू शकतो. यावर सुतार मित्राने काढलेला मार्ग साधा होता. यादीतील कोणत्याही झाडाला कोयता लावायचा नाही, वाऱ्याने पडलेले आणि वाळलेले यादीबाहेरचे लाकूड वापरायचे आणि ओंडका बाहेर न नेता तेथेच शेडमध्ये वस्तू घडवायची.

लाकडाचा स्वभाव ओळखून वस्तू ठरते, हे त्याच्या कामात जवळून पाहायला मिळते. अंजनाचे लाकूड इतके घट्ट आणि जड असते की पाण्यात टाकले तर तळाशी जाते. हद्दीच्या अलीकडे वादळात मोडलेल्या एका फांदीची परवानगी घेतल्यानंतर त्याने त्यातून फक्त पटाशीसाठी ठोकण्याची मोगरी केली आणि तेवढ्यासाठी पटाशीला पुन्हा पुन्हा धार लावावी लागली. बोरीच्या लाकडाच्या पळ्या आणि लिंबाची एक उथळ काठवट ही त्याची आवडती कामे. शिंदीच्या पानांचे फडे बांधायला गावातील एका वृद्ध बाईंनी शिकवले आणि पळसाच्या मुळांचे वाक काढून त्याचे कुंचे कसे करतात हेही त्यांनीच दाखवले. या शिकवण्याचा मोबदला सामाईक निधीतून दिला जातो. गावातील कसब फुकट घ्यायचे नाही, हा नियम शिक्षिकेने घातला आणि तो मला फार मोलाचा वाटतो.

मोकळ्या पट्ट्यात मानवेल बांबूची लागवड केली आहे. २०१७ च्या दुरुस्तीने भारतीय वन अधिनियमातील झाडांच्या व्याख्येतून बांबू वगळला गेल्यामुळे खासगी जमिनीवरील बांबूची तोड सोपी झाली आहे. त्याचा दुसराही लाभ आहे. कूळ कायद्याच्या कलम ६५ नुसार सलग २ वर्षे पडीक राहिलेली जमीन शासन व्यवस्थापनाखाली घेऊ शकते. रान राखायचे असले तरी सातबाऱ्यावर केवळ पडीक अशी नोंद राहू देऊ नये. बांबू, सीताफळ आणि गवत यांची नोंद दर हंगामात ई-पीक पाहणीत केली जाते.

आग आणि शेजार

खान्देशातील रानाचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे होळीच्या आसपास लागणारी आग. पावसाळ्यात कमरेएवढे वाढलेले गवत डिसेंबरपर्यंत वाळते आणि एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास गेला की एक ठिणगी पुरते. मंडळींनी पहिल्या वर्षी कुंपण घालून गुरे बंद करण्याचा विचार केला होता. तो अमलात आला असता तर गवत उभे राहिले असते, आणि आग लागली त्या दिवशी गावातून धावून येणारेही कोणी राहिले नसते.

त्याऐवजी दसऱ्यानंतर गवत कापून नेण्याची परवानगी शेजारच्या चार शेतकऱ्यांना विनामूल्य दिली, आणि त्याच्या बदल्यात त्यांनी फेब्रुवारीअखेर चारही बाजूंनी जाळरेषा (आग पसरू नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा) काढून द्यायची असे ठरले. मोहाची फुले वेचण्याचा आणि वाळक्या काटक्या नेण्याचा गावातील बायकांचा जुना रिवाज तसाच ठेवला. फक्त फुले वेचण्यासाठी झाडाखालचा पाला पेटवायचा नाही, एवढी एक अट घातली आणि त्याऐवजी झाडाखाली अंथरायला जुन्या साड्यांच्या जोडून शिवलेल्या पट्ट्या दिल्या. ही सगळी परवानगी दरवर्षी लेखी दिली जाते, म्हणजे पुढे वर्षानुवर्षांच्या वापराचा हक्क म्हणून वाद निर्माण होत नाही आणि शेजाऱ्यालाही आपण उपकाराच्या भरवशावर नाही याची खात्री राहते.

आपल्याकडे हिवाळ्यात रानात जमायचे म्हणजे भरीत होणारच. कपाशीच्या पराट्यांवर वांगी भाजायची, बडगीत ठेचायची आणि कळण्याच्या पुरीबरोबर खायची, हा बेत पहिल्याच हिवाळ्यात झाला आणि त्याच दिवशी विस्तवाचा नियमही झाला : चूल फक्त शेडसमोरच्या सारवलेल्या खळ्यात पेटवायची, पाण्याची टाकी भरलेली असल्याशिवाय पेटवायची नाही आणि १५ फेब्रुवारीनंतर पावसाळा लागेपर्यंत मुळीच पेटवायची नाही. उन्हाळ्यात जेवण घरून बांधून आणले जाते.

हिस्से आणि बाहेर पडणे

केळी उत्पादकाने दोन हिस्से घेतले आणि बाकी चौघांनी प्रत्येकी एक. म्हणजे ६ हिस्से, प्रत्येकी ३० आर. खरेदीखतात हे प्रमाण स्पष्ट लिहिले, कारण प्रमाण लिहिले नाही आणि कोणी किती पैसे दिले याचा पुरावाही नसला तर सर्वांचे हिस्से सारखे धरले जातात. मतदानात मात्र प्रत्येकाला एकच मत दिले. ज्याचा पैसा जास्त त्याचा शब्द जास्त, असे झाले असते तर रान एका माणसाचे झाले असते.

२०२३ च्या अधिसूचनेनंतर जळगाव जिल्ह्यात जिरायत जमिनीचे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे वेगळा काढता येणारा किमान तुकडा, २० गुंठे आहे (एक गुंठा म्हणजे सुमारे एक आर). याचा अर्थ ३० आरचा प्रत्येक हिस्सा कायद्याने वेगळा काढता येतो. तुकडेबंदीचा अडसर या पिढीत तरी आड येत नाही. महसूल संहितेच्या कलम ८५ खाली सहधारक वाटप मागू शकतो, आणि आपला अविभक्त हिस्सा तिऱ्हाइताला विकू शकतो. वारसांत हिस्सा विभागला गेला की मग क्षेत्र २० गुंठ्यांखाली जाते आणि वाटपही होत नाही, विक्रीही अडते. रानाचे नुकसान या दोन्ही टोकांना आहे, म्हणून उपाय करारातच करावा लागला.

विक्रीवर कायमची बंदी घालणारी अट न्यायालयात टिकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी लिहिल्या. १० वर्षे कोणी वाटप मागायचे नाही. हिस्सा विकायचा असल्यास आधी सोबत्यांना लेखी विचारायचे आणि ९० दिवस थांबायचे. किंमत पहिली ५ वर्षे मूळ रक्कम अधिक बँकेच्या मुदत ठेवीचा दर, आणि त्यानंतर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यातील (रेडी रेकनर) दर व स्वतंत्र मूल्यांकन यांची सरासरी. हा करार योग्य मुद्रांकावर करून नोंदवला.

कराराची परीक्षा अपेक्षेपेक्षा लवकर झाली. दुसरे वर्ष संपत असताना औषध दुकानदाराला मुलीच्या शिक्षणासाठी पैशांची निकड लागली. दरम्यान जवळून रस्त्याचे काम सुरू झाल्याने आसपासच्या जमिनींचे भाव चढले होते आणि एक बाहेरचा खरेदीदार त्याच्या एकट्याच्या हिश्श्यासाठी कराराच्या सूत्रापेक्षा बरीच अधिक रक्कम द्यायला तयार होता. दुकानदाराचे म्हणणे असे की अडचणीच्या वेळी मित्रांनीच आपल्याला बाजारभावापेक्षा कमी द्यावे, हे न्याय्य नाही. बँक अधिकाऱ्याचे म्हणणे असे की सूत्रावर त्यानेच सही केली होती.

दोघेही खरे बोलत होते. माझे मत मी लेखी दिले : सूत्र बदलू नये, कारण पहिल्याच प्रसंगी ते बदलले तर पुढे ते राहणारच नाही, परंतु सूत्राबाहेर, मित्र म्हणून मदत करायला करार कोणालाही अडवत नाही. त्यानुसार चौघांनी सूत्राप्रमाणे किंमत ९० दिवसांची वाट न पाहता एकरकमी दिली आणि त्याखेरीज मुलीच्या पहिल्या दोन वर्षांच्या शुल्काइतकी रक्कम बिनव्याजी, स्वतंत्र चिठ्ठीवर दिली. एका खर्चाचा विचार करारात झालेला नव्हता. रक्ताचे नाते नसलेल्या सहधारकांमधील हक्कसोडीला वडिलोपार्जित मिळकतीतील नाममात्र मुद्रांकाची सवलत मिळत नाही; हिश्श्याच्या मूल्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क भरावे लागते. ते घेणाऱ्यांनी भरले आणि यापुढे तसेच राहील, अशी पुरवणी कराराला जोडली. फेरफाराच्या (सातबाऱ्यावरील नावबदलाच्या) नोटिशीवर १५ दिवसांत हरकत आली नाही आणि नोंद प्रमाणित झाली.

दुकानदाराला मालक नसतानाही येत राहता यावे म्हणून सुतार मित्रासारखीच वापर परवानगी देऊ केली. त्याने काही महिने उत्तर दिले नाही. नंतर वर्गणी पाठवली. आता चार मालक आणि दोन परवानगीधारक अशी रचना आहे.

वारसांचा प्रश्न अद्याप पूर्ण सुटलेला नाही. करार करणाऱ्याच्या पश्चात त्याच्या वारसांची नावे सातबाऱ्यावर लागणारच; त्यांनी कराराची पुष्टी करावी अशी अट लिहिली असली तरी रानाशी ज्यांचा संबंध नाही अशा मुलांना त्या अटीचे महत्त्व कागदावरून कळेल याची खात्री नाही. म्हणून चारही मालकांनी आपापल्या मृत्युपत्रात हिस्सा आधी सोबत्यांना देऊ करावा असे लिहावे, अशी शिफारस मी केली आहे. शिक्षिका आणि केळी उत्पादक यांनी ते लिहून नोंदवले आहे, उरलेल्या दोघांचे मसुदे माझ्याकडे तपासणीसाठी आहेत.